वाघ्याची दिवसाची झोप

घोडेगावच्या पुढं, नेवाशाच्या अंगाला डांबरी सोडून आत वळलं की उसाच्या दोन फडांमधून एक गाडीवाट जाते. तिच्या शेवटाला कडुनिंबाखाली बाज असते, आणि बाजेवर दिवसाउजेडी एक माणूस झोपलेला असतो. नवख्याला वाटावं, काय आळशी गडी आहे. सगळी वस्ती वावरात, कुणी कांदे काढतंय, कुणी घास कापतंय, आणि हा ऊन डोक्यावर आलं तरी पसरलेला. पण वस्तीवरची माणसं त्या बाजेजवळून जाताना आवाज उतरवतात. कारण तो गहिनीनाथ आहे, खंडोबाचा वाघ्या, आणि त्याची रात्र आत्ता चालू आहे.

आमच्याकडं लग्न झालं, नवस फिटला, की दारात जागरण घालतात. ज्वारीच्या धाटांचा छोटा मांडव, खाली पाट, पाटावर देव, भंडारा, आणि शेजारी तेलानं भिजलेली दिवटी. वाघ्यांची पार्टी सूर्य बुडाला की उभी राहते ती उजाडेपर्यंत. पहाटे लोखंडाची साखळी, म्हणजे लंगर, हिसका देऊन तोडला की जागरण संपलं. तोवर दिवटी विझू द्यायची नाही आणि वाघ्यानं डोळा लावायचा नाही. ऐकणारे पेंगतात, नवरानवरी एकमेकांच्या खांद्यावर कलतात, यजमानसुद्धा खांबाला टेकून घोरतो. वाघ्याला ती मुभा नाही. जिथं देवापुढं दिवा जळतो तिथं वाघ्या जागा.

गहिनीनाथाला हे कुणी शिकवलं नाही. तान्हेपणी तो तापानं फणफणला तेव्हा आईनं त्याला देवाच्या नावानं सोडला होता. मिसरूड फुटायच्या आत त्याच्या हातात दिमडी, म्हणजे बोटांनी वाजवायची छोटी डफली, आली आणि गळ्यातून असा आवाज निघाला की बाया पोळ्या लाटायच्या थांबल्या. तेव्हापासून आजतागायत त्याच्या रात्री दुसऱ्यांच्या दारात गेल्या. जागरणाची सुपारी नसली तरी रात्री त्याला झोप येत नसे. गुरांना वैरण टाक, ओसरीत बसून नवं पद जुळव, चांदणं बघ, असं करत तो पहाट करी. मग न्याहारी करून बाजेवर पडला की सरळ उन्हं कलेपर्यंत.

आता त्याची पन्नाशी उलटली होती. घरोघरच्या पुरणपोळ्यांनी अंग भरलं होतं, मान रेड्यासारखी झाली होती. आणि गेल्या काही वर्षांत त्याच्या झोपेत कुणीतरी शिरलं होतं.

हे फक्त बनुबाईला ठाऊक होतं. बनुबाई त्याची बायको. बाजेशेजारी पोतं टाकून ती बसे, आणि तिची सगळी कामं हळूहळू बसायची झाली होती. गोधडीला टाके घालणं, शेंगा फोडणं, गहू निवडणं. उठून चार पावलं जावं लागेल असं काम ती तो जागा होईपर्यंत धरतच नसे. खुरपायला तिला बोलावणं आलं की ती म्हणे, गुडघा धरलाय. गुडघा चांगला होता.

गहिनीनाथ घोरायला लागला की कडबाकुट्टीचं मशीन सुरू झाल्यासारखं वाटे. निंबावरचे कावळे उडून दुसऱ्या झाडावर बसत. ते तिला चाले. त्या आवाजात ती सुई चालवी, मनातल्या मनात सासरी गेलेल्या लेकीशी बोले. पण मधेच मशीन बंद पडे. एकदम. छाती वर जाई, पोट आत ओढलं जाई, तोंड उघडं, पण वारा आत नाही, बाहेर नाही. अशा वेळी लांबचं सगळं ऐकू येऊ लागे. पाटातलं पाणी, कुणाच्या तरी बांधावरचा रेडिओ, निंबाचा मोहोर कोरड्या पाचोळ्यावर पडतो तोसुद्धा. बनुबाईचा टाका अर्ध्यात राही. मग ती त्याच्या खांद्याला धरून हलवी. तो बुडालेला माणूस वर यावा तसा फुस्सदिशी श्वास घेई, कूस बदली, आणि कडबाकुट्टी पुन्हा सुरू.

"कुठं गेल्ता?" ती कधीकधी विचारी, तो संध्याकाळी उठून तोंड धुताना.

"गडावर."

"कोनत्या?"

"नाव न्हाई त्याला. नुसता पिवळा. भंडारा असा घोट्याएवढा पडलेला. पाय टाकला की आवाज व्हत न्हाई." तो गुळण्या करे, लांब बघे. "लई निवांत असतंय बने तिथं. वारं बी न्हाई."

वारं नाही, हे ऐकलं की ती त्याच्या छातीकडं बघे. तो मात्र खुळ्यासारखा हसे. त्याची दोन-तीन चांगली पदं त्याला तिथंच सापडली होती म्हणे. पायऱ्यांवर पडलेली, उचलून घ्यायची तेवढी. ती हलवायला लागली की त्याला वाटे, मागून घोडं येऊन मानेला ढोसतंय. मग माघारी फिरावं लागे.

"तुझं घोडं जरा उशिरा सोडत जा की," तो म्हणे. "पद अर्धं राहातं."

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला राहात्याकडच्या एका जागरणात गहिनीनाथ उभ्या उभ्या झोपला. भर गाण्यात. खंडोबाच्या बानाईच्या वाड्याचं वर्णन चाललेलं, आवाज वर चढला, आणि तिथंच विरला. हातातली दिमडी खाली पडली. माणसं समजली, देव अंगात आला. दोन बाया लगबगीनं पुढं होऊन त्याच्या पाया पडल्या, एकीनं कपाळाला भंडारा लावला. त्या बोटाच्या गारव्यानं तो जागा झाला आणि काहीच घडलं नाही असं पुढचं कडवं म्हणू लागला.

पार्टीचा म्होरक्या कारभारी, गहिनीनाथाचा लहानपणापासूनचा सोबती. त्याला देव अंगात येणं आणि डोळा लागणं यातला फरक कळत होता. दोन दिवसांनी उन्हं कलल्यावर तो वस्तीवर आला. गहिनीनाथ नुकताच उठून चहाची वाट बघत बसला होता.

"काय म्हनतोय देव?" कारभारी बाजेच्या कडेला टेकत म्हणाला.

"कोनता?"

"त्यो परवा आल्ता त्यो. घोरत हुता जरासा."

बनुबाईला चहा गाळता गाळता हसू आलं.

"हे बघ गहिन्या," कारभारी आवाज खाली आणून बोलला. "येकदा खपलं. बायकांनी पाया बी पडून घेतलं. दुसऱ्यांदा झालं तर लोक म्हनतील, ह्यांचा वाघ्या झोपतोय. मग मला दुसरा मानूस हुबा करावा लागंल. मला ते नको हाय. तुझ्याबिगर मला बी गान्यात मजा न्हाई."

"दमलो असंल."

"दमलो म्हनतो. घरी येतोस कशावर? फटफटीवर. उजाडताना. मोकळा रस्ता, ऊस दोन्हीकडनं."

चहाचा कप पुढं करत बनुबाई म्हणाली, "तेच म्हनते मी भावजी. मांडवात देव आला म्हनायला बाया तरी असत्यात. गाडीवर कोन सांगंल, देव आल्ता म्हनून?"

मग तिनं तिच्या मनातलं सगळं सांगितलं. श्वास कसा थांबतो, छाती कशी ओढते, ती कशी हलवते. कारभारी ऐकत राहिला आणि चहावर साय धरली. त्याच संध्याकाळी बनुबाईनं पोराला, ओंकारला, फोन लावला. तो नगरला कंपनीत होता.

ओंकारनं रजा टाकून दोघांना केडगावात एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. अश्विनी म्याडम. वय फार नाही, पण ऐकून घ्यायची सवय चांगली. त्यांनी गहिनीनाथाची मान टेपनं मोजली तेव्हा तो म्हणाला, "सदरा शिवायचा का काय?" त्या हसल्या. घसा बघितला, रक्तदाब बघितला, दिवसा पेंग येते का विचारलं. बनुबाईचं सगळं ऐकलं, मधे न तोडता.

"झोपेत श्वासाची वाट मिटतेय असं दिसतंय," त्या म्हणाल्या. "खात्री करायला तपासणी लागेल. एक तर दवाखान्यात एक रात्र झोपायचं, डोक्याला वायरी लावून. नाहीतर घरी मशीन देते, छोटी डबी आहे."

"दवाखान्यात परक्या गादीवं माझा डोळा लागायचा न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

"काम काय करता काका?"

गहिनीनाथानं तोंड उघडलं, तेवढ्यात ओंकार म्हणाला, "शेती करतात."

खोटं नव्हतं. दोन एकर होतीच. म्याडमनी लिहून घेतलं आणि डबी दाखवली. छातीला पट्टा, पट्ट्यावर डबी, नाकाखाली बारीक नळी, बोटाला चिमटा. रात्री झोपताना लावायची, सकाळी काढायची. चालू आहे की नाही ते कळायला डबीवर हिरवा दिवा लुकलुकतो.

"रिपोर्ट कसाही येऊ दे," निघताना त्या बनुबाईला म्हणाल्या, "आठवड्यानं दोघं मला भेटायला या."

सुपारी नव्हती अशी एक रात्र बघून ओंकारनंच सगळं बांधून दिलं. आईला म्हणाला, "आई, आज तू आत जाऊन झोप. राखण करायला मशीन हाय." डॉक्टरीणबाईंनी रात्रीच म्हटलंय म्हणजे एक रात्र तरी तो पडेल असं धरून बनुबाई खरंच आत जाऊन झोपली. कुणीतरी दुसरं जागं आहे एवढ्या विचारानंच तिचं अंग सैल झालं. सकाळी ती उठली तर गहिनीनाथ ओसरीत पट्टा सोडून बसला होता, डोळे लाल, चेहऱ्यावर समाधान.

"झालं का दादा नीट?" ओंकारनं बापाला विचारलं.

"येकदम. दिवा उजाडेपत्तूर जळता ठिवला."

ओंकार डबी घेऊन गेला. गहिनीनाथ न्याहारी करून बाजेवर पडला, आणि कडबाकुट्टी सुरू झाली.

दोन दिवसांनी ओंकारच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. श्वास थांबणं नसल्यातच जमा. सगळं नॉर्मल. ओंकारनं फोन करून सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात ओझं उतरल्याचा आनंद होता. कारभारीला कळलं, तो मुद्दाम पेढे घेऊन आला. एक पेढा बनुबाईच्या हातावर ठेवत म्हणाला, "वहिनी, उगं घाबरवलं तुमी. मशीनला कान असत्यात, आपल्यापेक्षा तिखट."

"त्यो येक रात हुता माझ्या घरी, तुमचा कानवाला," बनुबाई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

कारण मशीन कशाला खोटं बोलेल? त्याचं आपल्याशी काय वाकडं? त्या दुपारी ती पोत्यावर बसली, सुई घेतली, आणि तिला आपल्याच कानांचा भरवसा वाटेना. उन्हानं सगळा माळ पातळ झाल्यासारखा दिसत होता. उसाची पानं हलत होती आणि हलत नव्हती. मोहोर गळत होता, बाजेवर, त्याच्या पोटावर, तिच्या केसांत. तिला वाटलं, इतकी वर्षं आपणच इथं बसून पेंगतोय आणि त्याचा श्वास थांबल्याचं स्वप्न बघतोय. एकच स्वप्न, रोज. तो आपला पिवळ्या गडावर जातो आणि आपण या थांबलेल्या छातीपाशी. त्याच्या स्वप्नाला पदं तरी लागतात. आपल्याला काय?

कडबाकुट्टी बंद पडली.

पाटातलं पाणी ऐकू आलं. तिनं हात उचलला, आणि पहिल्यांदाच मधेच धरला. मशीन म्हणतं, असं होत नाही. तिनं त्याच्या ओठांकडं पाहिलं. ते जांभळट होत चालले होते. एवढ्या लख्ख उन्हात. तिनं त्याला असं गदागदा हलवलं की तो उठूनच बसला.

"काय झालं?"

"काई न्हाई. झोपा तुमी. आपल्याला परवा केडगावला जायाचंय."

"नॉर्मल हाय की आता."

"म्याडम भेटा म्हनल्यात. भेटू."

ओंकारला पुन्हा रजा काढायची नव्हती. फोनवर म्हणाला, "आई, तुझ्या मनाचं खूळ हाय." तरी आला.

अश्विनी म्याडमच्या टेबलावर रिपोर्टचे कागद होते. त्यांनी ते वाचले, बाजूला सारले, आणि बनुबाईकडं बघितलं. "मावशी, कागद म्हणतो सगळं ठीक. तुम्ही सांगितलं ते ठीक नव्हतं. घरातलं मशीन कधीकधी चुकतं, म्हणून तर मी बोलावलं. काका, त्या रात्री झोप कशी लागली?"

"झोप?" गहिनीनाथ खुर्चीत सरळ झाला. त्याला अपमान वाटला होता. "म्याडम, छातीवं दिवा जळतोय आन मी झोपू व्हय?"

"म्हणजे?"

"आमी जागरनाचं वाघे. बारका दिवा असू द्या न्हाईतर मोठा. रातभर जळता दिला म्हनल्यावर रातभर जागायचं. बसून हुतो. पहाटं जरा कलंडलो असंल, तेवढंच."

म्याडमनी ओंकारकडं पाहिलं. "शेती ना?"

ओंकारची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कंपनीत त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं की बाप दारोदारी जागरणं घालतो. गहिनीनाथानं पोराच्या त्या मानेकडं बघितलं. खुर्चीच्या हातावर बोटांनी हलकेच ठेका धरला, तसा तो अवघडला की धरी.

"दिवसा झोपता का मग?"

"दिवसाच. जल्मापासून म्हना."

म्याडम मागं टेकल्या. "मलाच खोदून विचारायला हवं होतं. बघा, दवाखान्यातल्या तपासणीत डोक्याला वायरी असतात. माणूस जागा आहे की झोपलाय, ते त्यांना कळतं. या डबीला नाही कळत. ती चालू असेल तेवढा सगळा वेळ झोपेचाच धरते. श्वास किती वेळा थांबला, त्याला त्या सगळ्या तासांनी भागते. तुम्ही रात्रभर जागे. पहाटे डुलकीत थांबला असेल तेवढा थांबला, तो सगळ्या रात्रीवर पसरला."

बनुबाईनं मान हलवली. "म्हंजे वाटीभर तिखट हंडाभर पान्यात."

"तसंच. तिखट होतं, पण जिभेला लागलंच नाही."

"मग डबी खोटी?" ओंकारनं विचारलं.

"खोटी नाही. झोपणाऱ्याच्या अंगावर बहुतेक वेळा बरोबर सांगते. पण लक्षणं एवढी असताना ती काही नाही म्हणाली, तर तिच्यावर थांबायचं नसतं. आता पुन्हा लावू. दुपारी. घरच्या बाजेवर, रोज झोपतात तेव्हा. दिव्यावर काळी पट्टी चिकटवते." मग त्या बनुबाईकडं वळल्या, आणि जरा हळू बोलल्या. "आणि मावशी, त्या दुपारी तुम्ही त्यांना हलवायचं नाही."

"श्वास थांबला तरी?"

"तरी. तुम्ही हलवलं तर डबीला खरं दिसणार नाही. श्वास कोंडला की त्यांचं शरीर आपोआप त्यांना उठवतं. तुम्ही कामात असाल तेव्हाही उठवतच आलं असणार."

बनुबाईनं हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर ओंकारनं निंबाखाली पट्टा बांधला, नळी लावली, चिमटा बसवला. बांधताना त्यानं विचारलं, "दादा, परवा कुठली सुपारी हाय?"

"सोनईकडं. का रं?"

"सोडायला येईन म्हनलं गाडीवं. ऐकीन बी जरा."

गहिनीनाथानं पोराकडं तिरकं पाहिलं. "पेंगलास तर दिमडी डोक्यात घालीन." आणि तो बाजेवर आडवा झाला. ओंकार घरात गेला.

बनुबाई पोत्यावर बसली. आज सुई नाही, शेंगा नाहीत. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते.

गहिनीनाथ निघाला होता. पायाखाली पिवळा भंडारा, घोट्याएवढा, मऊ, बिनआवाजाचा. दोन्ही अंगाला दीपमाळा, पण ज्योती हलत नव्हत्या, रंगवल्यासारख्या. पायऱ्यांवर पदं पडली होती, ओलसर, नुकती जन्मलेली. त्यानं एक उचललं, ओच्यात टाकलं. दुसरं उचललं. रोज इथवर आलं की घोडं येई. आज आलं नाही. तो आणखी वर चढला. हवा दाट होत गेली, मधासारखी. दार दिसलं. आत कुणीतरी तुणतुण्याची तार पिळत होतं, सूर लागत आला होता, आता लागेल, आता लागेल.

बाजेवर त्याची छाती वर गेली आणि तिथंच राहिली.

बनुबाईनं दात आवळले. रेडिओ ऐकू आला, पाणी ऐकू आलं, मोहोर पडताना ऐकू आला. तिचे पंजे मांड्यांखालून सुटू बघत होते आणि ती त्यांच्यावर आणखी जोरानं बसत होती. तिनं देवाला काही मागितलं नाही. तिला फक्त त्या ओठांचा रंग दिसत होता. मग खाकरून, घुसमटून, सगळी बाज करकरवत श्वास आला. तिनंही घेतला. पुन्हा कडबाकुट्टी. पुन्हा बंद. तिला कळून चुकलं की आपण राखणीला बसायच्या आधी, आपलाच डोळा लागला असताना, हे सगळं असंच होत आलंय, आपल्या हाताशिवाय. दुपार लांबत गेली. सावली बाजेवरून सरकली तरी तिनं बाज हलवली नाही.

उन्हं कलली तसा तो उठला. घामानं चिंब. नळी नाकाखाली वाकडी झाली होती. तो बराच वेळ बसून राहिला, जणू कुठून आलो ते आठवत होता.

"आज तू आली न्हाईस," तो म्हणाला.

"मला मनाई हुती."

"दारापत्तूर गेल्तो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आतून कुनीतरी म्हनलं, ये. नाव घिऊन म्हनलं. बने, लई भ्या वाटलं मला. रोज लांबून निवांत वाटायचं ते. दाराशी गेल्यावं कळलं का निवांत हाय ते."

तिनं त्याच्या बोटाचा चिमटा काढला. तिथं चिमट्याचा वळ उठला होता. ती तो वळ चोळत राहिली.

या वेळचा रिपोर्ट ओंकारनं फोनवर सांगितला नाही, केडगावला जाऊनच ऐकला. म्याडमनी कागद फिरवून दाखवला. एक रेघ होती, आणि ती सारखी दरीत पडत होती, वर येत होती, पुन्हा पडत होती. गहिनीनाथानं ती बोटानं गिरवली. "ह्योच गड," तो म्हणाला. म्याडमना ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. दुखणं मोठं होतं. आता मुखवट्याचं मशीन लावून झोपायचं. ते हवेचा झोत देऊन घशाची वाट उघडी ठेवतं. दिवसा लावलं तरी चालतं, फक्त निजेल तेव्हा लावायला हवं. आणि झोप ताळ्यावर येईपर्यंत फटफटी बंद.

"माझी पदं?" त्यानं निघताना दारात थांबून विचारलं. "ती झोपंतच घावत्यात."

म्याडम खरंच विचारात पडल्या. "ते नाही सांगता येणार काका. कदाचित जागेपणी सापडतील."

"बघू," तो म्हणाला. रुसल्यासारखा, पण मुखवट्याची पिशवी त्यानं स्वतः काखेत घेतली.

पहिले चार-सहा दिवस त्यानं मुखवट्याला मनसोक्त शिव्या दिल्या. झोपेत ओढून काढला, उलटा घातला. कारभारी बघायला आला आणि नाकावरची लांब नळी पाहून म्हणाला, "खंडोबाचा हत्ती दिसतोस." मग एका दुपारी, ऊन चांगलं पिकलं असताना, मुखवटा लागला तो लागलाच.

बनुबाई शेजारी बसली होती. कडबाकुट्टी नव्हती. नुसतं एक लांबट, सरळ सूं, आणि छाती वर, छाती खाली. थांबण्याची वाट बघून तिच्या मानेला रग लागली. ते काही थांबेना. कावळे निंबावर येऊन बसले आणि उडाले नाहीत. तिनं शेंगांची पाटी ओढली, सोडून दिली. हात रिकामे होते आणि त्यांना काय करावं कळत नव्हतं. मग ती उठली. आधी दारापर्यंत गेली, वळून पाहिलं. छाती वर, छाती खाली. ती उसाच्या कडेनं चालू लागली.

गाडीवाटेवर ऊन सांडलं होतं. एवढ्या दुपारी ती या वाटेवर कित्येक वर्षांत आली नव्हती. आपलीच वाट तिला दुसऱ्या गावची वाटली. बांधावरच्या बोरीला चार बोरं राहिली होती, वाळून लाल झालेली. तिनं एक तोंडात टाकलं. पुढं खालच्या वावरात बाया कांद्याच्या पाती कापत बसल्या होत्या. त्यातल्या केशरबाईनं मान वर केली.

"अगं बया. गुडघा बरा झाला व्हय?"

"झाला," बनुबाई म्हणाली. आणि त्यांच्यात बसली. कुणीतरी विळा पुढं सरकवला. कांद्याचा उग्र वास, बायांची बोलणी, कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या म्हशीचं काय. ती एकेक पात कापत राहिली. सावल्या लांब झाल्या त्या तिच्या ध्यानातही आल्या नाहीत.

मग उसाच्या पलीकडून आवाज आला. मोकळा, भरदार, जागा.

"बने. ए बने. कुठं गेलीस गं?"

बाया हसल्या. "हाक आली बघ. पळ."

बनुबाईनं ऐकलं. त्यानं आणखी एकदा हाक मारली, या वेळी शेवट लांबवून, गाण्यात ओढतो तशी. तिनं पुढचा कांदा उचलला, पात कापली.

"येते की," ती म्हणाली. "येवढा वाफा हुंद्या."